पहिल्या डेंग्यूच्या अँटीबॉडी दुसऱ्या वेळी उलटतात, म्हणजे नेमकं काय होतं?

मालवण तालुक्यातून, आचऱ्याजवळच्या एका वाडीतून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"माझा मुलगा ११ वर्षांचा. ८ वर्षांचा असताना त्याला डेंग्यू झाला होता, चार दिवस ताप येऊन घरीच बरा झाला. गेल्या गणपतीत पुन्हा ताप आला. सासूबाई म्हणाल्या, 'एकदा येवन गेलो, आता अंगाक सवय झाली.' पाचव्या दिवशी, विसर्जनाच्या सकाळी ताप उतरला, त्याने पेज खाल्ली, आम्ही निर्धास्त झालो. संध्याकाळी पोट दुखायला लागलं, तीनदा उलटी झाली, हातपाय गार पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा प्लेटलेट ४२ हजार होत्या आणि पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ३८ चा ४६ झाला होता. तीन दिवस सलाईनवर राहून सुखरूप घरी आला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या डेंग्यूच्या अँटीबॉडी उलटल्या. अँटीबॉडी तर आपलं रक्षण करतात, मग त्या उलटतात कशा? शरीरात एवढा दाह होतो तर स्टिरॉइड का देत नाहीत? मलाही लग्नाआधी डेंग्यू होऊन गेलाय आणि घरात चार महिन्यांची मुलगी अंगावर पिते. माझ्या अँटीबॉडी दुधातून तिला जात असतील तर दूध थांबवू का? तिच्या लसी द्यायच्या की नाहीत?"

ताई, शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. दूध थांबवू नका. लस एकही चुकवू नका. कारणं पुढे येतील.

तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे, फक्त 'उलटल्या' या शब्दामुळे अँटीबॉडीच शत्रू झाल्या असं वाटतं. तसं नाही. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, डेन-१ ते डेन-४. एका प्रकाराचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापासून बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळतं. बाकीच्या तिघांपासून मिळतं ते काही महिने, कधी वर्ष-दोन वर्षं. त्यानंतर रक्तात अँटीबॉडी उरतात, पण त्या पहिल्या प्रकाराच्या मापाने घडलेल्या असतात. दुसरा प्रकार आला की त्या त्याला चिकटतात, पण पुरत्या बसत नाहीत. सासूबाईंचा 'अंगाक सवय झाली' हा अनुभव कांजिण्यांच्या बाबतीत खरा ठरतो. डेंग्यूत तो चौथा हिस्सा खरा आहे.

अपुरं चिकटणं इतकं महागात का पडतं? अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. दोन हातांनी ती विषाणूला धरते आणि तिची शेपूट मोकळी राहते. ही शेपूट म्हणजे रोगप्रतिकार पेशींना दिलेली खूण. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या अंगावर त्या शेपटीसाठी खास आकडे असतात. त्यांना एफसी-गॅमा रिसेप्टर म्हणतात. शेपूट आकड्यात अडकली की पेशी विषाणूला आत ओढते आणि पचवते. बहुतेक जंतूंच्या बाबतीत एवढ्यावर काम फत्ते होतं.

तुमच्याकडे कुर्ल्या (खेकडे) बाजारात नेण्याआधी त्यांचे डेंगे (नांग्या) दोरीने बांधतात. सगळे डेंगे नीट बांधले तर टोपलीत हात घालायला भीती नाही. एकच डेंगा बांधला आणि उचलून टोपलीत टाकली, तर चावणारी कुर्ली आपणच घरात आणली. डेंग्यूच्या एका कणाच्या अंगावर ई नावाच्या प्रथिनाचे १८० रेणू असतात. डेंग्यूचा भाऊबंद असलेल्या वेस्ट नाईल विषाणूवर मोजमाप झालं तेव्हा दिसलं की एक कण निकामी करायला त्यावर साधारण ३० अँटीबॉडी बसाव्या लागतात. त्याहून कमी बसल्या तर कण जिवंतच राहतो, पण शेपट्यांमुळे भक्षक पेशी त्याला आत घेतेच. आणि डेंग्यूचा विषाणू नेमका याच पेशींत वाढतो. पेशीच्या पोटातल्या आम्लाने तो मरत नाही. उलट त्या आम्लामुळेच त्याचं आवरण पेशीच्या पडद्याशी एकजीव होतं आणि तो पेशीच्या आत मोकळा होतो. जो दरवाजा एरवी त्याला शोधावा लागला असता, तो अँटीबॉडीने उघडून दिला.

गोष्ट दरवाजापाशीही थांबत नाही. या वाटेने आत शिरलेला विषाणू पेशीचा धोक्याचा बावटा खाली ओढतो. पेशीने विषाणूविरुद्ध सोडायचं इंटरफेरॉन कमी पडतं आणि दाह दाबणारं इंटरल्यूकिन-१० वाढतं. म्हणजे सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत, जेव्हा विरोध हवा होता तेव्हा, शांतता. विषाणू भरमसाट वाढतो. मग प्रतिकारशक्तीला खरी जाग येते तेव्हा समोर संसर्ग झालेल्या पेशींचा ढीग असतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाह पेटवणारी रसायनं एकदम सुटतात, आणि विषाणूचं एनएस-१ हे प्रथिन रक्तात फिरून रक्तवाहिन्यांच्या आतलं गुळगुळीत अस्तर खरवडतं. सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत झिरपतं.

म्हणून तुमचा मुलगा तापात नव्हे, ताप उतरल्यावर बिघडला. ताप उतरेपर्यंत रक्तातला विषाणू ओसरत आलेला असतो, पण पाझर तेव्हाच सुरू होतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. घराघरांत होणारी चूक हीच: ताप गेला म्हणजे आजार गेला असं धरणं. दोष तुमचा नाही. दुसऱ्या बहुतेक तापांत हा हिशेब बरोबर ठरला असता.

हे सगळं प्रयोगशाळेतलं गणित नाही, माणसांत दिसलेलं आहे. १९६०च्या दशकात बँकॉकमध्ये स्कॉट हॅलस्टेड या अमेरिकन डॉक्टरांच्या ध्यानात आलं की गंभीर डेंग्यू होणारी मुलं दोन गटांतली असतात: दुसऱ्यांदा संसर्ग झालेली, आणि पहिलाच संसर्ग झालेली वर्षाच्या आतली बाळं. वरवर दोन्ही गटांत काहीच साम्य नाही. पण दोघांच्याही रक्तात जुन्या अँटीबॉडी असतात, एकाच्या स्वतःच्या, दुसऱ्याच्या आईकडून आलेल्या. क्यूबात १९७७ साली डेन-१ची साथ आली, ती सौम्य होती. १९८१ साली डेन-२ आला, ३ लाख ४४ हजारांवर रुग्ण आणि १५८ मृत्यू. १९९७ साली सॅंटियागो दे क्यूबा शहरात डेन-२ परत आला तेव्हा गंभीर झाले ते जवळजवळ सगळे प्रौढ, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या डेन-१च्या अँटीबॉडी अंगात असलेले. वीस वर्षांनीही ती जुनी खूण पुसलेली नव्हती.

आणि अँटीबॉडी किती आहेत, यावर सगळं फिरतं. निकाराग्वातल्या मुलांना अनेक वर्षं तपासून २०१७ साली जे प्रसिद्ध झालं, त्यात मधल्या पातळीच्या अँटीबॉडी असलेल्या मुलांना सर्वांत गंभीर डेंग्यूचा धोका सात पटींहून अधिक दिसला. अँटीबॉडी अजिबात नसलेल्यांना तो वाढीव धोका नव्हता आणि भरपूर असलेल्यांनाही नव्हता. मधली पातळी म्हणजे अर्धवट बांधलेली कुर्ली.

शेपटीच्या घडणीचाही वाटा आहे. तिच्यावर साखरेची एक बारीक साखळी असते. त्या साखळीत फ्यूकोज नावाची साखर नसली तर शेपूट भक्षक पेशीच्या एका विशिष्ट आकड्याला खूप घट्ट बसते आणि पेशी जास्त चवताळते. गंभीर डेंग्यूत आणि गंभीर कोविडमध्येही अशा फ्यूकोज नसलेल्या अँटीबॉडी जास्त प्रमाणात आढळल्या आहेत. कोविडमध्ये मात्र पुढची गोष्ट वेगळी. अँटीबॉडीने वेढलेला कोरोना विषाणू मोनोसाइटच्या आत जातो, पण तिथे त्याची नवी पिल्लं तयार होत नाहीत. त्याऐवजी ती पेशी फुटून मरते आणि फुटताना दाहाची रसायनं आजूबाजूला ओतते. एकाच शेपटीने डेंग्यूत विषाणू वाढतो, कोविडमध्ये आग वाढते. लस घेतलेल्या लोकांच्या अँटीबॉडी तपासल्या तेव्हा त्यांनी कोरोना विषाणू असा मोनोसाइटमध्ये ओढला नाही. 'अँटीबॉडी वाईट' असा सरसकट निष्कर्ष कुणी काढला तर तो मान्य करू नका.

इथेच तुमच्या स्टिरॉइडच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविडच्या रुग्णांना डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम दिल्याने मृत्यू कमी झाले, हे २०२०च्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. तिथे फुप्फुसात दिवसेंदिवस पेटत राहणारा दाह होता. डेंग्यूतला पाझर दीड-दोन दिवसांत आपोआप मिटतो आणि स्टिरॉइडने तो थांबल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. वर साखर वाढणं आणि पोटातून रक्तस्राव हे धोके पदरात पडतात. डेंग्यूचा उपचार म्हणजे त्या दोन दिवसांत रक्तवाहिन्यांत पुरेसं पाणी ठेवणं. ऐकायला साधं, करायला फार बारीक काम.

आता पुढच्या वेळेसाठी. तुमच्या मुलाला तिसऱ्यांदा डेंग्यू झालाच, तर तो सहसा दुसऱ्याइतका तापदायक नसतो. पण घरात आणखी माणसं आहेत. शिवाय डेंग्यूचे दर चार संसर्गांतले साधारण तीन लक्षणांशिवाय निघून जातात. २०१७-१८च्या राष्ट्रीय रक्ततपासणी पाहणीत देशातल्या ५ ते ४५ वयाच्या सुमारे निम्म्या लोकांत डेंग्यूच्या अँटीबॉडी सापडल्या. त्यामुळे 'मला कधी झालाच नाही' म्हणणाऱ्याचाही हा दुसरा असू शकतो. घरी कुणालाही डेंग्यू झाला तर तो दुसरा धरूनच चला. घाबरायचं मात्र नाही, दुसऱ्या वेळेचेही बहुतेक रुग्ण घरीच बरे होतात.

रिपोर्ट कसा वाचायचा तेही लक्षात ठेवा. एनएस-१ ही तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम (ताज्या संसर्गात आधी बनणाऱ्या अँटीबॉडी) पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या संसर्गात जुन्या अँटीबॉडी एनएस-१ला वेढून टाकतात, म्हणून डेंग्यू असूनही ही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. आयजीएम कमी आणि आयजीजी (दीर्घकाळ टिकणाऱ्या अँटीबॉडी) लवकरच जोरात पॉझिटिव्ह, असं चित्र दुसऱ्या डेंग्यूचं असतं. कार्डवरच्या झटपट तपासणीवर पूर्ण विसंबू नका. सरकारी रुग्णालयातून एलायझा ही प्रयोगशाळेतली तपासणी होऊ शकते. आणि तुमच्याकडे लावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो, मलेरिया असतो, तर बांदा-दोडामार्गच्या बाजूला काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आलेल्याला हिवाळ्यापासून मेपर्यंत माकडताप होऊ शकतो. चिखलात किंवा रानात काम केलं होतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. लेप्टोला वेळेवर अँटिबायोटिक लागतं आणि ते डेंग्यू समजून राहून जातं.

तापाच्या तिसऱ्या दिवसापासून ताप उतरल्यावर दोन दिवसांपर्यंत रोज रक्ताची तपासणी करा. सगळ्यांची नजर प्लेटलेटवर जाते. आमचं कळकळीचं सांगणं आहे की पीसीव्ही किंवा एचसीटी या नावाने छापलेला आकडा आधी पाहा. रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, ते तो सांगतो. पाणी झिरपून गेलं की रक्त दाट होतं आणि हा आकडा चढतो. पहिल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी चढला म्हणजे पाझर लक्षणीय आहे. तुमच्या मुलाचा ३८ चा ४६ झाला, म्हणजे २१ टक्के. रक्त कमी असलेल्या बाईचा ३० चा ३६ झाला तरी तोच अर्थ, जरी ३६ हा आकडा कागदावर साधा दिसला तरी. म्हणून पहिल्या दिवसाचा रिपोर्ट जपून ठेवायचा, तुलना त्याच्याशी असते. उलट आकडा एकदम खाली आला आणि मूल मलूल झालं, तर आत रक्तस्राव होत असेल.

प्लेटलेट १० हजारांच्या वर असतील आणि रक्तस्राव नसेल तर बाहेरून प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. पपईच्या पानांचा रस काढण्यात घरच्यांचा जो वेळ जातो, तो लघवी मोजण्यात घालवा. रसाने पाझर थांबत नाही, आणि उलट्या होणाऱ्या मुलाला कडू रस पाजला की उलटी वाढते.

घरी द्यायचं ते पाणी नुसतं नको, त्यात मीठ-साखर हवी. ओआरएसचं मोठं पाकीट १ लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं, अर्धं-अर्धं नाही. मीठ घातलेली पेज आणि शहाळ्याचं पाणी चालतं. ३० किलोच्या मुलाला दिवसाला साधारण पावणेदोन लिटर पातळ पदार्थ पोटात जायला हवेत, घोट-घोट करून. कोकम सरबत, सोलकढी, बीट हे त्या आठवड्यात टाळा. ते अपायकारक नाहीत, पण उलटी लाल दिसली की रक्त आहे की कोकम हे रात्री दोन वाजता कुणाला कळणार? दर सहा तासांत एकदा तरी लघवी झाली पाहिजे.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत ६ तासांचं अंतर. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड यांतलं काहीही नको, ताप कितीही हट्टी असला तरी. त्यांनी प्लेटलेटचं काम बिघडतं आणि जठरातून रक्त जाऊ शकतं. कमरेत इंजेक्शनही घेऊ नका.

पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, ताप नसतानाही गार हातपाय, मूल गुंगीत जाणं किंवा उगाच चिडचिडणं, सहा तास लघवी नाही: यातलं एकही दिसलं तर रात्र काढू नका, १०८ला फोन करा. नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर तोही इशारा. रक्तदाबाच्या वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी, उदाहरणार्थ १००/८०, हे 'शॉक'चं, म्हणजे रक्ताभिसरण कोसळायला लागल्याचं लक्षण. वरचा १०० बघून 'बीपी नॉर्मल' म्हणून परत फिरू नका. आणि एकदा लघवी मोकळी होऊन भूक लागली की 'अजून एक सलाईन लावा' असा आग्रह डॉक्टरांना करू नका. झिरपलेलं पाणी तेव्हा स्वतःहून रक्तात परतत असतं, त्यावर आणखी ओतलं तर ते फुप्फुसात साठतं.

आता तुमची लेक. तुमच्या अँटीबॉडी तिला मिळाल्या त्या दुधातून नाही, गरोदरपणात वारेतून. आयजीजी जातीच्या अँटीबॉडी नाळेने बाळाच्या रक्तात जातात आणि जन्मानंतर हळूहळू विरतात. पहिले काही महिने त्या भरपूर असतात आणि रक्षण करतात. साधारण ६ ते ९ महिन्यांच्या दरम्यान त्या मघाच्या मधल्या पातळीवर येतात, आणि बाळांचा गंभीर डेंग्यू याच काळात जास्त दिसतो. वर्षाच्या आसपास त्या संपतात. दुधातल्या अँटीबॉडी मुख्यतः आयजीए जातीच्या, त्या आतड्यात राहून काम करतात. दूध तोडलं तर धोका तसूभरही कमी होणार नाही, हगवणीपासूनचं संरक्षण मात्र जाईल. तिच्या लसी गोवर, पोलिओ, धनुर्वात अशा दुसऱ्या जंतूंविरुद्धच्या आहेत, त्यांच्या अँटीबॉडी डेंग्यूला अशा अर्धवट चिकटत नाहीत.

पुढचे आठ महिने तिला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पॅरासिटामॉल देताना बाटली वाचा. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, सिरपच्या बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. ६ किलोच्या बाळाला ६० ते ९० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे थेंबांचं एक मिलिलिटरही नाही. थेंबांचं औषध ५ मिलिलिटरच्या चमच्याने दिलं तर पाच ते आठ पट डोस जातो आणि यकृताला इजा होते. बाळाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी सर्वांत जास्त.

आणि तो डास तुमच्याच अंगणात जन्मतो. अंड्यापासून उडता डास व्हायला पावसाळ्यात आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढ्याला करवंटीतलं पाणी पुरतं, पोफळीच्या गळलेल्या विरीतलं (पानाच्या खोलगट बुडातलं) पुरतं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना ओढून ठेवलेल्या होडीवरच्या ताडपत्रीच्या खळग्यातलंही पुरतं. करवंट्या पालथ्या घाला किंवा चुलीत घाला, ताडपत्री मधे बांबू देऊन उतरती बांधा, विहिरीत आणि मोठ्या टाकीत गप्पी मासे सोडा. पिंपाचं पाणी मात्र आठवड्याला नुसतं ओतून भागत नाही. मादी अंडी पाण्यावर नाही, पाण्याच्या रेषेच्या वरच्या कडेला चिकटवते आणि ती कोरडी पडूनही महिनोन्महिने जगतात. पिंप रिकामं केलं की आतली कड काथ्याने खसखसून घासा, ते पाणी मातीत ओता आणि मगच पुन्हा भरा.